समुद्राच्या पोटात गोडं पाणी

मैत्रिणींनो, आपल्या मराठवाड्यात बाईनं घराबाहेर पडायचं ते माहेरी, लग्नकार्याला, नाहीतर देवाला. तुळजापूर-पंढरपूर म्हटलं की कुणी 'कशाला?' म्हणत नाही. पण नुसता समुद्र पाहायचा म्हटलं, की 'तिथं काय ठेवलंय?' हा प्रश्न ठरलेला! आमच्या घरीही तो आलाच. म्हणून मी सासूबाईंनाही सोबत घेतलं. बदनापूरहून रेल्वेनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ आणि पुढं एसटीनं मालवण.

मालवणच्या धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्गावर जाता येतं. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. पायाचे दगड शिसं ओतून पक्के केले. २०२५ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून जे बारा किल्ले निवडले, त्यांत हाही आहे. आत महाराजांचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले हातापायाचे ठसे आहेत.

पुरुषमंडळी तटाची उंची मोजत होती. सासूबाई मात्र विहिरींपाशी थबकल्या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव! चहूकडे खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी. जन्मभर आडाचं पाणी शेंदलेली ती बाई. २०१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहत घागरी घेऊन बसलेली. म्हणाल्या, "राजानं आधी पाणी बघितलं असणार, भिंती मागून."

खरं आहे ना? पाण्यावाचून किल्ला काय अन् संसार काय!

समुद्राकाठी पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर राहतं. पण उपसा बेताबाहेर गेला, की खालचं खारं पाणी वर येतं. बोअरवर बोअर घेणाऱ्या आपण हे शिकण्यासारखं आहे.

जायचंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. सुती साडी आणि चामड्याच्या नव्हे, रबरी चपला घ्या. येताना आमसुलं आणि खाजा आणायला विसरू नका.

आणि एक सांगू? दरमहा घरखर्चातून थोडे पैसे प्रवासाच्या नावानं बाजूला टाका. सासूबाईंनी आता तसा वेगळा डबाच केलाय. पुढच्या खेपेला त्यांना रत्नागिरी पाहायचीय, आणि 'कशाला?' असं त्यांना विचारायची घरात कुणाची छाती नाही!