स्टेपनी बांधायची कुठे?

आम्ही घेतलेल्या जुन्या ट्रेलरला स्टेपनीच नव्हती. फायबरग्लासचा, एकाच आसाचा, पुढच्या कपलरपासून मागच्या बंपरपर्यंत १५ फूट लांबीचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर. आत दोघांची झोपायची सोय, गॅसच्या दोन शेगड्या, एक बेसिन. मिनेसोटात राहायला आल्यापासून लेक सुपीरियरच्या काठाकाठाने उत्तरेकडे जायचं आमच्या मनात होतं, आणि त्याआधी स्टेपनी हवी यात शंका नव्हती. दोन आसांच्या ट्रेलरचं एक टायर गेलं तर तो हळूहळू सुरक्षित जागेपर्यंत सरकू तरी शकतो. एका आसाचा ट्रेलर जागच्या जागी रिमवर बसतो.

टायर घेणं सोपं गेलं. बसवलेल्या टायरांच्या बाजूवर लिहिलं होतं तेच माप मागितलं: एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज सी. हे खास ट्रेलरसाठी बनवलेलं टायर, ५० पीएसआय हवेवर १७६० पौंड पेलणारं. रिमसकट वजन ४० पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण १८ किलो. मग दुकानातल्या माणसाने विचारलं, "ब्रॅकेट कुठलं देऊ? टंगचं, बंपरचं, की खालून लटकवायचं?"

मी त्याच्याकडे नुसती पाहत राहिले. आमच्याकडे जीपची स्टेपनी मागच्या दारावर असते, ट्रकची खाली चासीला. गाडी बनवणाऱ्यानेच जागा ठरवलेली असते आणि आपण त्यावर कधी विचार करत नाही. इथे तो निर्णय माझ्यावर आला होता, आणि कशाच्या आधारावर ठरवायचं हेच मला कळत नव्हतं. त्या दिवशी टायर घेतलं, ब्रॅकेट घेतलं नाही. स्टेपनी गाडीच्या डिकीत टाकली आणि निघालो.

गूजबेरी फॉल्सच्या कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी मी फक्त स्टेपन्या बघत हिंडले. गोंधळ आणखी वाढला. अंड्याच्या आकाराच्या एका फायबरग्लास ट्रेलरला ती मागे, नंबर प्लेटच्या शेजारी. शेजारच्या थेंबाच्या आकाराच्या टीअरड्रॉप ट्रेलरला पुढे टंगवर, कारण त्याचं स्वयंपाकघर मागच्या झडपेखाली उघडतं. तिथे टायर बांधलं तर चहासुद्धा करता येणार नाही. एकाची पोटाखाली लोखंडी ट्रेमध्ये, एकाची आत जेवणाच्या बाकाखाली. ज्यांना विचारलं त्यांनी आपुलकीने समजावून सांगितलं, आणि प्रत्येकाला आपली जागा पटलेली होती. टीअरड्रॉपवाले आजोबा मात्र वेगळंच बोलले. त्यांनी जागेबद्दल काही सांगितलंच नाही, उलट मला विचारलं, "तुझ्या ट्रेलरचं टंगवरचं वजन किती?"

मला ते ठाऊक नव्हतं. ट्रेलरचा पुढचा त्रिकोणी सांगाडा म्हणजे टंग, आणि तो गाडीच्या हिचवरच्या गोळ्यावर जेवढा भार टाकतो ते टंगचं वजन. ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. कमी पडलं तर ट्रेलर डावीउजवीकडे झोकांड्या खायला लागतो. उतारावर, वेगात, शेजारून मोठा ट्रक गेला की झोका सुरू होतो आणि वाढत जातो. आणि वजन फार झालं तर गाडीचा मागचा भाग खाली दबतो, पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. डुलुथमध्ये शिरताना आय-३५ थॉम्पसन हिलवरून खाली उतरतो. त्या उतारावरून आम्ही आदल्याच दिवशी आलो होतो. आजोबांचं ऐकताना तो उतार माझ्या डोळ्यांपुढे आला.

रात्री शिरोळला बाबांना फोन केला तेव्हा हे सांगितलं. ट्रेलर त्यांनी फक्त फोटोत पाहिलाय, पण उसाच्या गाड्या भरण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी लगेच विचारलं, "गाडी उलाळ होत नाही ना?" बैलगाडीत मागे जास्त ऊस भरला की पुढचं जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला लागतं, पुढे जास्त भरला की बैलांच्या मानेवर बसतं. चाकाच्या पुढेमागे भार कसा वाटायचा, हे त्या गाड्या भरणाऱ्यांना वजनकाट्याशिवाय कळतं. बाबांच्या त्या एका प्रश्नाने मला आजोबांचा प्रश्न पुरता समजला. आस हा टेकू आहे. मागे टाकलेला प्रत्येक पौंड पुढचा भार कमी करतो, आणि किती कमी करतो ते टेकूपासूनच्या अंतरावर अवलंबून आहे.

घरी आल्यावर मोजायला बसलो. घरातल्या वजनकाट्यावर टंग तशीच ठेवली तर काटा मोडेल, म्हणून एक पद्धत आहे. जाड लाकडी फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, फळी दोन्हीकडे आडव्या नळीच्या तुकड्यावर टेकलेली. कपलर विटेकडच्या नळीपासून एक फुटावर आणि काट्याकडच्या नळीपासून दोन फुटांवर येईल असा फळीवर उतरवायचा. काट्यावर भाराचा तिसरा हिस्सा येतो. ट्रेलर नेहमीसारखा भरलेला, सपाट जमिनीवर, चाकांना अडण लावलेली. फळीचं वजन वजा करून काट्याने ७२ पौंड दाखवले. तिपटीने २१६. महामार्गावरच्या ट्रकथांब्यावर वजन करून घेतलं होतं, तिथे भरलेला ट्रेलर २००० पौंडांचा निघाला होता.

मग कागदावर गणित मांडलं, आणि त्यात मला फार आनंद झाला, कारण पहिल्यांदाच ठरवायला काहीतरी हातात होतं. आमचा आस कपलरपासून १० फुटांवर आहे. स्टेपनी मागच्या बंपरवर बांधली तर ती आसाच्या ५ फूट मागे येते. ४० पौंडांना ५ ने गुणून १० ने भागलं की टंगवरून २० पौंड उचलले जातात. पुढे टंगवर, कपलरपासून अडीच फुटांवर बांधली तर ती आसाच्या साडेसात फूट पुढे. तिथे ३० पौंड वाढतात. म्हणजे मागे १९६, पुढे २४६. स्टेपनीसह एकूण २०४० पौंडांचे १० टक्के होतात २०४. मागची जागा आम्हाला रेषेच्या खाली नेत होती. त्यात आमची पाण्याची टाकी आसाच्या मागे आहे, ती भरली की पुढचा भार आणखी घटतो. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं. पुढे मात्र भरपूर वाव होता, कारण आमच्या हिचची मर्यादा ३५० पौंडांची आहे.

तोल हा एकच विचार असता तर आसाच्या जवळची, पोटाखालची जागा सगळ्यात उत्तम. जड वस्तू टोकांना असल्या की, एकूण तोल बरोबर असूनही, एकदा सुरू झालेली झोकांडी आवरणं कठीण जातं. मलाही आधी तीच जागा आवडली होती. पण परतीच्या वाटेवर हायवे ६१ च्या कडेला एक कुटुंब थांबलेलं दिसलं. उजवं टायर फाटलेलं, ट्रेलर त्या बाजूला कलून जवळजवळ जमिनीला टेकलेला, आणि स्टेपनी नेमकी त्याच पोटाखाली. आधी जॅकने सांगाडा उचलायचा, मग ट्रे खाली सोडायची, चिखलाने आणि गंजाने आखडलेला तिचा बोल्ट फिरवायचा, आणि हे सगळं पालथं पडून, शेजारून सुसाट गाड्या जात असताना. आम्ही थांबलो, टॉर्च धरला, लागेल ती मदत केली. त्यानंतर मी एक गोष्ट मनाशी पक्की केली: आमची स्टेपनी मला एकटीला, उभ्याने काढता आली पाहिजे.

बंपरबद्दल आणखी एक सांगायला हवं. बऱ्याच ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चार इंची चौकोनी नळी. तिच्यावर स्टेपनी आणि वर सायकली लादल्या की खड्ड्याखड्ड्याला जोडाला हिसके बसतात आणि वेल्डिंगला भेगा पडतात. मागे बांधायचीच असेल तर आधार थेट चासीला द्यायला हवा, आणि दिवे नि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये.

शेवटी टंगवर ठरलं. तेही सरळ नव्हतं. तिथे गॅसचा सिलिंडर, बॅटरी आणि उचलायचा जॅक आधीच दाटीने बसलेले. पुठ्ठ्याचं टायरएवढं वर्तुळ कापून मी ते सगळीकडे धरून पाहिलं. जॅकचा दांडा पूर्ण फिरतो का? गाडीचं मागचं दार उघडतं का? नवऱ्याने रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी पूर्ण वळवून मागे घेतली आणि मी बाजूला उभी राहून कोपरा टायरला लागतो का ते बघितलं. डाव्या दांड्यावर जागा सापडली. ब्रॅकेट यू-बोल्टने आवळलं. भार वाहणाऱ्या त्या दांड्यांना भोकं पाडायची नाहीत, याबद्दल मी ठाम होते.

मग अंगणात टायर बदलायचा सराव केला. ट्रेलर गाडीला जोडलेलाच, दुसऱ्या चाकाला अडण, नट जमिनीवरच सैल केलेले. आमचा आस आत रबर असलेला टॉर्शन प्रकारचा, त्याला खालून जॅक लावायचा नसतो. जॅक सांगाड्याखाली, चाकाच्या लगेच मागे. कोपऱ्यांतले स्थिर ठेवणारे पाय ट्रेलर उचलण्यासाठी नसतात, हेही तेव्हाच शिकले. चाक बदललं की ५० मैलांनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे.

उघड्यावरची स्टेपनी उन्हाने न वापरताच म्हातारी होते, म्हणून तिला जाड कव्हर घातलंय. टायरवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे ते बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ते वहीत उतरवून ठेवलेत. व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला येईल अशी ती बसवली आहे, त्यामुळे कव्हरची कड उचलली की गेज लागतं. निघायच्या आदल्या दिवशी तिन्ही टायर ५० पीएसआयवर आणायचे, हे काम माझं.