उतरती भट्टी

नानकटाईचं प्रमाण आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ होतं. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा. आई म्हणायची ‘तूप’, पण पिशवीत घालायची डालडा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घरी कढवलेलं तूप वरणभातावर आणि निरांजनात खर्ची पडायचं. ते नानकटाईत घालणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. वेलदोड्याचे दाणे श्रीखंडासाठी राखलेले असत. नानकटाईच्या वाट्याला त्यांची सालं यायची, साखरेबरोबर दळून चाळलेली. वास तोच येतो. करून पाहा.

महिनाअखेरीला हिशेबाची वही उघडून बसणाऱ्या घरात भाजलेलं गोडधोड यायचं कुठून, याचा मी हल्ली बराच विचार करते. कारण ओव्हन नावाची वस्तू आमच्या सबंध गल्लीत कुणाकडे नव्हती, आणि तरी दिवाळीत घरोघरी नानकटाईचा डबा असायचा. आता मी राहते त्या इमारतीत बहुतेकांकडे ओव्हन आहे, आणि ‘घरी करणं काही परवडत नाही’ हेही बहुतेकांकडूनच ऐकते. लोणी महागलं, मैदा महागला, सगळं खरं. पण तेवढ्यानं हे कोडं सुटत नाही.

सांगलीत आम्ही राहायचो त्या भागात एक बेकरी होती. दिवाळीच्या तोंडावर आणि मे महिन्याच्या सुट्टीत बायका मैदा, साखर, डालडा घेऊन तिथं जायच्या आणि बिस्किटं पाडून आणायच्या. गिरणीत दळण न्यावं तसाच हा व्यवहार. वस्तू आपल्या, मजुरी किलोवर. सकाळभर तिथं पावाची धांदल, म्हणून घरगुती गिऱ्हाइकांना दुपारची वेळ. बाकड्यावर नंबर लावून बसायचं आणि आपला नंबर आला की मळणाऱ्याच्या समोर उभं राहायचं, म्हणजे आपला डालडा दुसऱ्याच्या पिठात जात नाही. हा अविश्वास उघड असे आणि बेकरीवाल्या चाचांनाही त्याचं काही वाटत नसे.

तिथला पोऱ्या आधी डालडा आणि पिठीसाखर लाकडी टेबलावर घेऊन तळहाताने फेसायचा. दाटसर गोळा हळूहळू पांढराशुभ्र आणि हलका व्हायचा. त्यात हवा कोंडली जाते, आणि नानकटाई खुसखुशीत होते ती बरीचशी या हवेमुळे. मग मैदा, चिमूटभर मीठ आणि अमोनिया. मैदा पडल्यावर मात्र मळणं आवरतं घ्यायचं, नाहीतर ती चिवट होते. छोटे चपटे गोळे काळ्याकुट्ट पत्र्यावर अंतर सोडून मांडायचे, कारण तापल्यावर ते पसरतात. पत्र्याच्या कडेला आपली खूण. कुणी चिठ्ठी लावायचं, कुणी पहिल्या ओळीतल्या गोळ्यांवर बेदाणा दाबायचं.

“चाचा, अमोनिया जरा हात राखून घाला हं. मागच्या खेपेला वास राहिला होता.”

“ताई, वास राहिला तो पत्रा लवकर काढला म्हणून. घाई तुमचीच होती.”

यावर आई गप्प बसायची. चाचांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. बेकरीतला अमोनिया, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, तापला की पुरता वायू होऊन जातो. बिस्किट पातळ आणि कोरडं असल्यामुळे तो वायू निघून जातो आणि मागे काही उरत नाही. पत्रा अर्धवट भाजलेला काढला की तो आतच अडकतो. केकसारख्या जाड, ओलसर पदार्थात तर तो निघूच शकत नाही, म्हणून केकला सोडा किंवा बेकिंग पावडर. हे सगळं चाचा कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते.

पण खरी गंमत भट्टीची होती. विटांच्या कमानीची ती भट्टी लाकडांनी तापवायची. आतल्या विटा पुरेशा तापल्या की निखारे बाजूला ओढायचे आणि आधी पाव सारायचा, कारण पावाला सगळ्यात कडक आच लागते. पाव निघाला की भट्टी उतरायला लागते, पण विटा तास न् तास उष्णता धरून असतात. त्या उतरत्या आचेवर आधी खारी, मग नानकटाई आणि बिस्किटं, आणि अगदी शेवटी टोस्ट, ज्यांना भाजण्यापेक्षा वाळवणंच जास्त हवं असतं. नानकटाईला मध्यम आचच मानवते. कडक आचेत ती वरून लाल होते आणि आत कच्ची राहते. म्हणजे आमच्या पत्र्यासाठी चाचांना जास्तीचं लाकूड जाळावं लागत नव्हतं. पावाने लाकडाचा पैसा आधीच वसूल केलेला असे. एरवी भिंतीतून विरून गेली असती त्या उष्णतेवर आमच्या गल्लीची दिवाळी भाजून निघायची. मजुरी कमी होती ती चाचांच्या दयाळूपणामुळे नव्हे, चांगल्या हिशेबामुळे.

मला कळतं ते असं. गोड भाजणं महाग पडतं ते विस्तव एकट्याच्या मालकीचा झाला की. साधा ओटीजी घ्यायचा तर चार-पाच हजार मोजावे लागतात. तो चालवणं काही महाग नाही. तासाला फार तर दीड युनिट वीज. पण घरटी एक ओव्हन वर्षातले बहुतेक दिवस पापडाचे डबे डोक्यावर घेऊन ओट्याच्या कोपऱ्यात बसलेला असतो. शिवाय ओव्हन आला की त्याच्यामागून साचे येतात, बटर पेपर येतो, फेटायचं यंत्र येतं, कोको आणि चॉकलेट चिप्स येतात. मोबाइलवरची प्रत्येक पाककृती एक नवी बाटली मागते. त्यातला पाव चमचा वापरायचा आणि बाटली मुदत संपेपर्यंत फ्रिजच्या दारात उभी करायची. काटकसरीने संसार करणाऱ्या बाईला इथंच घाम फुटतो.

ज्यांच्या वाटेत बेकरीही नव्हती त्यांनी काय केलं, ते आमच्याकडे कुकरने दाखवलं. भाजायला लागते ती बंद जागेतली, चारी बाजूंनी सारखी, कोरडी उष्णता. कुकरमध्ये ती मिळते. शिट्टी आणि झाकणाची रबरी रिंग काढायची, तळाला जाड मिठाचा किंवा धुऊन वाळवलेल्या वाळूचा थर, त्यावर छोटी जाळी किंवा उलटी ताटली, आणि वर केकचं भांडं. पाणी अजिबात नाही. रिंग काढायला विसरलं तर ती वितळून नुकसान होतं. कोरडा तापवल्यामुळे कुकरचा तळ काळवंडतो, म्हणून बऱ्याच घरी एक पोचे आलेला जुना कुकर याच कामाला ठेवलेला असतो. वापरलेलं मीठ पुन्हापुन्हा चालतं, फक्त जेवणात घालायचं नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुलांचे वाढदिवस याच कुकरांनी साजरे केले. तेव्हा बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनो एवढ्यावर झालेले केकही घरोघरी निघाले. त्यांची मी चेष्टा करणार नाही, पण भाजलेलं बिस्किट कुटून पुन्हा भाजायचं, हे मला कधी झेपलं नाही. त्यापेक्षा रवा बरा.

रव्याच्या केकला दुकानातून काहीच आणावं लागत नाही, ही त्याची खरी थोरवी. वाटीभर बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी साठवलेली साय. साय फेटून घेतली की लोण्याची गरज उरत नाही. अर्धा तास झाकून ठेवलं की रवा टच्च फुगतो, मग घट्ट वाटेल त्या मानाने दूध. सोडा अगदी शेवटी, पाव चमचा, तोही दह्याच्या भरवशावर. आंबट काही नसेल तर सोडा तसाच उरतो आणि केकला साबणाची चव येते. तूप कढवल्यावर खाली उरलेली बेरी असेल तर तीही यात खपते आणि खव्याचा भास देते. आमच्याकडे बेरी साखर घालून चाटण्यावरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या, त्यामुळे ती केकपर्यंत क्वचितच पोचायची.

आणि कोकणाने तर कुकरच्याही कितीतरी आधी हा प्रश्न सोडवला होता. पावसाळ्यातल्या वेलाची मोठी तवशी, म्हणजे काकड्या, घरात टांगून ठेवलेली असत. ती पुष्कळ टिकतात. त्यातलं एखादं किसायचं, तांदळाचा रवा भाजायचा, गूळ, ओलं खोबरं आणि चिमूटभर मीठ घालून तवशाच्या सुटलेल्या पाण्यातच शिजवायचं. मग केळीच्या किंवा हळदीच्या पानावर पातेल्यात घालायचं, चुलीवर मंद निखारे आणि वर झाकणावरही निखारे. हेच तवसळं, कुठे धोंडस. अंडं नाही, मैदा नाही, विकतचं जवळजवळ काही नाही. झाकणावर निखारे ठेवण्याची ही युक्ती गोव्यात बेबिंकेचा एकेक थर भाजायलाही वापरतात, पण बेबिंकेला अंड्यांचे बलक आणि तूप सढळ हाताने लागतं. ती गरिबाच्या घरची पाहुणी. तवसळं मात्र घरचंच. शहरातल्या हॉटेलात ते ‘काकडीचा केक’ म्हणून बशीतून येतं तेव्हा मला हसू येतं, आणि बिल पाहून आणखी.

काटकसर कशात करायची नाही, हेही सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त सामान वाया जातं ते चुकीच्या जागी हात आखडल्याने. नानकटाईत तूप निम्म्यावर आणलं की ती दगड होते आणि तिच्यात घातलेली मैदा-साखरही फुकट जाते. साखर फार कमी केली तर खुसखुशीतपणा जातो. हात आखडायचा तर आकारात, संख्येत, सजावटीत आखडावा. सुका मेवा नसला तर बिघडत नाही. टुटीफ्रुटी तर बोलूनचालून कच्ची पपई. डब्यात चाळीसऐवजी वीस नानकटाया असल्या तरी चालतं, फक्त त्या वीस नीट झाल्या पाहिजेत. आणि फेसायला लागणारा वेळ वाचवायचा नाही. तो तर फुकटच आहे, असं म्हणणार होते, पण तो कुणाचा वेळ, हे विचारलं की गप्प बसावं लागतं. बाकड्यावर दुपारभर नंबर लावून बसलेल्यांत पुरुष माणूस मला आठवत नाही.

जुन्या दिवसांचे गोडवे गाताना डालडाचंही सांगितलं पाहिजे. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या या वनस्पती तुपाने मध्यमवर्गाचं आणि त्याखालच्यांचं गोडधोड स्वस्त केलं यात शंका नाही. ते थंडीत-उन्हाळ्यात घट्ट राहायचं, खवट होत नसे, आणि फेसायला लोण्यापेक्षा सोपं. पण ज्या प्रक्रियेने तेल घट्ट व्हायचं तिनेच त्यात ट्रान्स फॅट तयार व्हायचे, जे हृदयाला घातक. आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती थेट जानेवारी २०२२ पासून. तोवर दोन-तीन पिढ्यांनी ती स्वस्ताई खाऊन पचवली, किंवा पचवली नाही. आता साजूक तुपाचं परवडत नसेल तर निम्मं तूप आणि निम्मं साधं तेल घेऊन केलेली नानकटाई थोडी ठिसूळ होते, पण खाण्यालायक होते.

भट्टीच्या धुराचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई परिसरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा पावाची चव जाणार म्हणून बरीच हळहळ झाली. भट्टीच्या तोंडाशी आयुष्य काढणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांची हळहळ त्या मानाने कमी ऐकू आली. लाकूड गेलं तर जाऊ दे. माझी काळजी वेगळी आहे. लोखंडी पेटीचा विजेचा ओव्हन बटण बंद केलं की लवकर निवतो; त्याला उतरती दुपार नसते, त्याचा प्रत्येक तास विकावा लागतो. जुन्या विटांच्या कमानीलाच गॅसचा बर्नर बसवला तर विटा पूर्वीसारख्याच तापतील आणि पावानंतरची दुपार शिल्लक राहील. बेकरीवाल्यांना अनुदान द्यायचंच असेल तर या बदलासाठी द्यावं, असं माझं मत आहे.

सगळीकडचं चित्र काही निराशेचं नाही. लहान गावांतून आजही लोक गहू, नाचणी, गूळ, दूध घेऊन बेकरीत जातात आणि डबाभर बिस्किटं करून आणतात. मुलांना विकतची नकोत म्हणून हा प्रकार उलट वाढलेला दिसतो. हाताने फिरवायच्या यंत्रातून रेघारेघांची लांब पट्टी बाहेर येते आणि पोऱ्या ती बोटांनी तोडत जातो. विकतच्या तशाच बिस्किटांपेक्षा ती स्वस्त पडतात, आणि आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

तेव्हा तुमच्या भागात अशी भट्टी उरली असेल तर दिवाळीची वाट पाहू नका. दिवाळीत गर्दी असते आणि घाईत पत्रे लवकर निघतात. एखाद्या साध्या दुपारी जा, मजुरी आधी विचारा, शेजारणीलाही बरोबर घ्या म्हणजे पत्रा पुरा भरेल. घरून मोठं पातेलं आणि धुतलेलं फडकं न्या. आणि नानकटाई पुरती निवल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. वाफ धरून ती मऊ पडते.