नाना पेठेतली चक्कर

पुण्याला आलेल्या बाईची पावलं लक्ष्मी रस्त्याकडे वळणारच! साड्या, बांगड्या, सोनं, सगळं तिथं ओळीनं मांडलेलं. पण सिटी पोस्टावरून पूर्वेकडे तसंच चालत राहिलं, की हळूहळू साड्या संपतात आणि टायर, आरसे, सीटकव्हरं टांगलेली दिसू लागतात. ही नाना पेठ. नाना फडणविसांच्या नावाची ही पेठ आज ओळखली जाते ती दुचाकीच्या सुट्या भागांसाठी.

आपण बायका इथं सहसा फिरकत नाही. पण घरात बुलेट आली असेल आणि तिच्यामागोमाग ‘सायलेन्सर बदलायचाय’ हा हट्टही आला असेल, तर चिरंजीवांबरोबर एक चक्कर जरूर मारावी. मी भाच्याबरोबर गेले होते.

दुकानात नळ्यांची रांगच होती. आखूड, लांब, काळ्या, चकचकीत. त्यातला ‘इंदोरी’ मुलांचा लाडका, कारण तो फटाके फोडतो! मी तो एका हातात आणि कंपनीचा दुसऱ्या हातात घेऊन पाहिला. कंपनीचा चांगलाच जड, हा अगदी हलका. कारण साधं आहे. मूळ सायलेन्सरच्या पोटात कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. इंजिनातून सुटलेला दणका त्यांत फिरता फिरता दमतो. हा मात्र जवळजवळ पोकळ.

“पण मावशी, आवाज हीच तर बुलेटची शान!” भाचा म्हणाला. खरं आहे. पण जुन्या ३५० बुलेटचं सिलिंडर एकच आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. ती ठेक्यातली धडधड मुळात इंजिनाची. तिच्यासाठी पोकळ नळी कशाला?

शिवाय २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ गाड्यांत धुराच्या वाटेवरच तो शुद्ध करणारा कन्व्हर्टर बसवलेला असतो. नळी बदलताना तोही काढला, तर विषारी वायू थेट आपल्या गल्लीत.

कायदाही कडक आहे. १७५ सीसीवरच्या नव्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. ८० चे ९० झाले तर थोडंच वाढलं असं समजू नका. आवाजाची ताकद दहापट होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गोंगाटाला पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. म्हणजे पैसेही गेले!

पेठेला लागूनच रास्ता पेठ, तिथं केईएम रुग्णालय. रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आम्ही तिथून जात असतानाच एक ‘फटाका’ कडाडत गेला. फाटकाशी उभ्या बाईच्या खांद्यावरचं तान्हं दचकून टाहो फोडू लागलं. ती त्याला थोपटत राहिली. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. भाचा काही बोलला नाही. घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत फक्त एक आरसा होता.

जुना सायलेन्सर गंजून भोक पडलं असेल, तर मात्र तो जरूर बदला. पण त्याच मॉडेलचा, कंपनीचाच घ्या आणि पक्की पावती मागा. आणि गाडी नुकतीच थांबली असेल, तर मुलांचे पाय नि साडीचा पदर त्या नळीपासून दूर ठेवा.