जासईच्या खाडीवरील पाहुणे

प्रवासास निघावयाचें म्हणजे शिदोरी, अंथरूण आणि मुक्कामाची सोय आपण आधीं पाहतों. यांतील केवळ शिदोरीवर, तीहि अंगांतच बांधून, सहस्रावधि कोस जाणारे प्रवासी पाहण्याचा योग आम्हांस गेल्या पौषांत आला. २०२४ सालीं उरणपर्यंत सुरू झालेल्या आगगाडीनें आम्ही घरांतील लहानथोर मंडळी निघालों व जासईच्या बाजूस खाडीकांठीं दिवस घालविला.

ओहोटी लागली होती. चिखल्या आणि तुतवार लगबगीनें टिपीत होते. पाणटिवळे आपली लांब चोच चिखलांत पार खुपसून किडे काढीत होते. मुलांस आम्ही यांच्याच एका भाऊबंदाची हकीकत सांगितली. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचें अवघें पांच महिन्यांचें पिल्लूं २०२२ च्या ऑक्टोबरांत अलास्काहून उडालें, तें ११ दिवसांनीं टास्मानिया बेटावर उतरलें. अंतर १३,५६० किलोमीटर! वाटेंत अन्न नाहीं, पाणी नाहीं. समुद्रावर बसतां येत नाहीं, म्हणून विसांवाहि नाहीं. अंगावर बसविलेल्या चिमुकल्या यंत्रानें उपग्रहाकरवीं हा मार्ग कळला.

"एवढ्या लेकरास वाट कोणीं दाखविली?" आजींनीं विचारलें.

वडीलधारे पक्षी पुष्कळदां आधींच गेलेले असतात. दिशेचें ज्ञान उपजतच असतें, असें आम्ही सांगितलें. निघण्यापूर्वीं हा पक्षी इतकें खातो कीं वजनाचा जवळजवळ निम्मा भाग चरबीचा होतो. मग आंतडीं आकसून भार हलका होतो.

"म्हणजे उपासाआधींच पारणें!" आजी म्हणाल्या.

त्यांच्या विनोदांत सारें मर्म आलें. पक्ष्याची चिकाटी पंखांत असते तितकीच ती मुक्कामाच्या चिखलांत असते. चैत्राच्या सुमारास हे पाहुणे उत्तर आशियाकडे परततील, ते याच खाडीची शिदोरी घेऊन. ठाण्याच्या खाडीस २०१५ सालीं अभयारण्याचें व २०२२ सालीं रामसर स्थळाचें संरक्षण मिळालें. उरणच्या बाजूस मात्र बंदर व गोदामें यांच्या भरावाखालीं कित्येक पाणथळी बुजल्या.

या भूमीस असा प्रसंग नवा नाहीं. जमिनी जाऊं लागल्या तेव्हां जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उभे राहिले. १९८४ च्या जानेवारींत पांच जणांनीं प्राण वेंचले आणि पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरांत पडला. पाणटिवळ्यास गाऱ्हाणें मांडतां येत नाहीं. भरतीबरोबर तो उठतो आणि ओहोटीस जागा उरली असेल तेथें उतरतो. ती उरूं देणें एवढेंच यजमानाकडे मागणें आहे.