धन्याचे आणि माझे

डिचोलीच्या आमच्या आजोळघराची पडवी गेल्या चैत्रात उकरली गेली आणि तेथे पांढऱ्या, गुळगुळीत लाद्या बसल्या, ही वार्ता मामेभावाने मोठ्या समाधानाने कळविली होती. परंतु प्रत्यक्ष तेथे पाऊल टाकले आणि ओल्या सिमेंटाचा तो थंड, परका दर्प नाकात शिरला, तेव्हा मी नकळत उंबरठ्यापासून दोन हातांवरची एक जागा नजरेने धुंडाळू लागलो.

त्या जागी शेणाने सारवलेल्या भुईत तळहातांच्या मापाच्या दोन खोलगट, तुकतुकीत खुणा होत्या. मामा पहाटे तेथे जोर काढीत. कंबर उंच, टाचा टेकलेल्या, आणि मग सारे शरीर दोन तळव्यांमधून छाती भुईला जवळजवळ चाटून जाईल असे खाली उतरून पुढे मान वर काढी. कंदिलाच्या उजेडात नाकाच्या शेंड्यावरून निथळलेला घामाचा थेंब त्या दोन खुणांच्या बरोबर मधोमध पडे. दर सारवणाला मामी कुरकुरत, भुई नासवल्याबद्दल मामांचा उद्धार करीत, आणि त्या दोन ठिकाणी मात्र मातीचा एक हात अधिक देत.

मामा खाणीवर होते. मांडवीतून बार्जी भरभरून मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या लोहखनिजाच्या त्या सुगीच्या काळात डिचोली महालातली निम्मी माणसे संध्याकाळी लाल होऊनच घरी परतत. दिवसभर फावडे मारणाऱ्या या गृहस्थाला पहाटे उठून आणखी देह शिणविण्याचे प्रयोजन काय, असा सवाल आजी नेहमी करी. मामांचे उत्तर ठरलेले असे : “तें कंपनीचें, हें म्हजें.” त्या बालवयात मला ते उत्तर केवळ उद्धट वाटे. पुढे २०१२ साली खाणी बंद पडल्या, मामेभावाचा ट्रक अंगणात गंजत उभा राहिला आणि मामेभाऊ वडिलांच्या जागेवर हात टेकून जोर काढू लागला, तेव्हा त्या उत्तरातील हिशेब माझ्या ध्यानात आला. कंपनीचे ते कंपनीबरोबर गेले होते.

माझी स्वतःची कसरत उशिरा, आणि तीही हुकमाने सुरू झाली. साठी उलटल्यावर स्नायू वापराविना झपाट्याने झडतात आणि पडून हाड मोडण्याची धास्ती त्याचबरोबर वाढते, असे बजावून म्हापशाच्या डॉक्टरांनी एक तक्ता हाती ठेवला : आधी भिंतीला हात टेकून जोर, मग कमरेइतक्या उंच आधारावर, मग बसण्याच्या सोप्यावर, आणि सरतेशेवटी भुईवर, हात जितके खाली, तितका स्वतःच्या वजनाचा अधिक वाटा दंडांवर. बैठकांचा क्रमही तसाच, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्यापासून आरंभणारा, आणि उठण्यापेक्षा सावकाश बसण्यावर भर देणारा, कारण भार पेलत खाली उतरतानाही मांडीची मोठी तालीम होते. पडवीच्या वाशाला नुसते लोंबकळणे हा त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग. ना साहित्य, ना वर्गणी, पेडण्याच्या घराबाहेर पाऊलही टाकण्याची गरज नाही. आणि तरीही तक्त्याच्या रकान्यांकडे दृष्टी गेली की माझे अंग आखडे.

याचे मूळ, मला वाटते, नदीपलीकडच्या शाळेत आहे. शिवोलीचा पूल तेव्हा झालेला नव्हता. चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोट रेंगाळली की आम्हांला उशीर होई, आणि उशीर झाला की एक मास्तर, स्वतः खुर्चीत रेलून, कान धरून उठाबशा काढायला लावीत. मोजणी ते स्वतः करीत, आणि एखाद्याचे गुडघे नीट वाकले नाहीत अशी शंका येताच आकडा मागे नेत. ते निवर्तून बराच काळ लोटला. मृतांविषयी वाईट बोलू नये हा शिष्टाचार मला मान्य आहे, पण त्या मागे नेलेल्या आकड्यांची माफी मी अद्याप दिलेली नाही. कारण बैठक आणि उठाबशी यांत गुडघ्याला तर काही भेद कळत नाही. चतुर्थीला गणपतीपुढे कान धरून तीच हालचाल आम्ही हसत हसत करीत होतो. भेद होता तो हुकमाचा.

येथे मला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आठवतात. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेल्या या संस्थानिकाने स्वतः म्हातारपणापर्यंत नमस्कार घातले, संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले, आणि १९३८ साली इंग्रजीत दहा स्थितींच्या त्या व्यायामावरचे पुस्तकही विलायतेतल्या वाचकांपर्यंत पोहोचविले. राजाज्ञेने घातलेला नमस्कार आणि मास्तरांची उठाबशी यांत अंतर किती, असे मनात येते न येते तोच आठवते, की याच राजाने १९३९ च्या आरंभी राज्यकारभाराचा अधिकार आपण होऊन रयतेच्या हाती सोपविला. माझ्या युक्तिवादात हा मनुष्य कोठेच नीट बसत नाही.

आणि मामी तर त्याहूनही बसत नाहीत. विहिरीचे पाणी, जाते, उकिडवे बसून केलेले सारवण, हे सारे आयुष्यभराचे कष्ट घरधन्याचे. मग “हें म्हजें” असे म्हणायला त्यांच्यापाशी होते काय? उत्तर मला अगदी परवा सुचले. पौषात धालो हे बायकांचे गाण्यानाचाचे खेळ सुरू झाले की मामी रात्री ते खेळण्याच्या मांडावर जात, जेथे आम्हां पुरुषांना मज्जाव असे. आणि चतुर्थीत शेजारणींबरोबर बसफुगडी घालताना, चवड्यांवर उकिडव्या बसून एकेक पाय पुढे झुगारीत, त्या अशा काही उसळत की एरवी कंबर धरून चालणाऱ्या बाई त्या याच का, असा प्रश्न पडे. तो भार कोणत्याही तालमीला लाजविणारा होता, आणि त्याची मोजदाद कोणीच ठेवीत नसे. दम टिके तोवर फुगडी, दम सरला की हशा.

तेव्हापासून बैठका मी रोज काढतो, पण तक्ता भरणे सोडून दिले आहे. पुढच्या खेपेस ते रिकामे रकाने पाहून डॉक्टर रागावतील. रागावोत बापडे, गुडघे माझे आहेत.