अलिबागची वेधशाळा आणि लोणारचा गाळ

अलिबागला येणारा प्रवासी कुलाबा किल्ल्याकडे वळतो. गावातील भूचुंबकीय वेधशाळेकडे क्वचितच. विजेवरील ट्रामगाड्यांमुळे मुंबईतील चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये ती येथे उभारण्यात आली. आज ती चालविणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था याच जिल्ह्यात, नवीन पनवेल येथे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळाच्या अभ्यासातही या संस्थेचा सहभाग होता.

भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी तेथून काढलेल्या दहा मीटर लांबीच्या गाळाच्या स्तंभात सुमारे ११,००० वर्षांचा इतिहास साठलेला आहे. लोणारचे पाणी बाहेर वाहून जात नाही. पावसाबरोबर आलेली माती थरावर थर साचते. पाऊस उणावला की पाणी आटते, क्षार दाटतात आणि गाळात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. असे स्फटिक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या थरांत आढळले. म्हणजे कोरडा काळ सातशे वर्षांचा!

बँकेत एकाच वर्षाच्या ताळेबंदावर कर्जदाराची पत आम्ही ठरवीत नसू. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ ची; पावसाच्या आपल्या पद्धतशीर नोंदी फार तर दीड-दोनशे वर्षांच्या. गाळाच्या हिशेबात हा काळ अगदी अल्प ठरतो. रायगडच्या किनाऱ्यावर पाऊस मुबलक पडतो, तरी उन्हाळ्यात अनेक गावे टँकरची वाट पाहतात. पाण्याचे नियोजन करताना चांगल्या वर्षांबरोबर त्या सातशे वर्षांचेही स्मरण ठेवले पाहिजे.