पंप होता तिथे

बंद पडलेला पेट्रोलपंप लगेच ओळखू येतो. छप्पर असतं, यंत्रं गेलेली असतात, फरशीच्या फटीतून एरंड वर आलेला असतो. पुणे-बंगळूर महामार्ग रुंद होत गेला तसे काही पंप मागे सरकले, काही बंदच झाले. मग त्या जागेवर कुणी ढाबा काढतं, कुणी मंगल कार्यालय. खाली वीस-वीस हजार लिटरच्या लोखंडी टाक्या होत्या, हे दोन-तीन वर्षांत कुणाच्या लक्षातही राहत नाही.

माझं काम तिथून सुरू होतं. टाकी गळत होती का, आणि गळली असेल तर ते गेलं कुठे? मी भूशास्त्र शिकले, घर सांगलीला. नक्की काय करतेस असं नातेवाईक विचारतात, तेव्हा ‘माती हुंगते’ असं सांगून मोकळी होते. खरं तर हुंगायचं नसतं, वाफा मोजणारं यंत्र असतं. टाकीच्या खड्ड्याभोवती गिरमिटानं भोकं पाडायची, दर अर्ध्या मीटरची माती पिशवीत बंद करायची, थोडी तापू द्यायची आणि यंत्राची नळी आत घालायची. पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचा. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी बेन्झीन त्यात उडून जातं आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं ठरतं. जुना पंप असेल तर मातीत शिसंही तपासतो, कारण आपल्याकडे शिशाचं पेट्रोल २००० सालापर्यंत विकलं जात होतं.

सांगलीत नदीकाठी खोल काळी माती, गिरमिट लोण्यात जावं तसं जातं. तिथली भीती वेगळी, पुराची. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. अशा वेळी भरलेली टाकी जागेवर बसून राहते, रिकामी मात्र वर यायला बघते. वीस हजार लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडाली की तिला वर ढकलणारा जोर वीस टनांचा. तिच्याबरोबर पाइपही निखळतात. म्हणून बंद पंपाची टाकी नुसती रिकामी करून सोडून देणं सगळ्यात वाईट.

साताऱ्याकडे प्रश्न खडकाचा. दीड-दोन मीटर मुरूम लागला की गिरमिट थांबतं, खाली काळा पाषाण. त्यात पाणी सगळीकडून झिरपत नाही, भेगांतून पळतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात पातळी वर आली की वर, एप्रिलमध्ये उतरली की खाली, आणि जाता-येता दगडामातीला माखत राहतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये नव्या पंपांसाठी घरं, शाळा, दवाखान्यांपासून ५० मीटर अंतर सांगितलं, अगदीच अडचण असेल तर ३०. हवेतल्या वाफांसाठी ते ठीक असेल. भेगेला मीटर कळत नाहीत.

कराडच्या अलीकडे एका जुन्या पंपावर आम्ही चार बोअर घेतले. उताराच्या बाजूचे तिन्ही स्वच्छ निघाले. वास आला तो आडव्या बाजूला, रस्त्यापलीकडच्या एका आक्कांच्या विहिरीत. पावसाळ्यात वास वाढतो, हे त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं.

“पंप बंद हून धा वरसं झाली की. आता कुठलं आलंय त्याल?”

“आक्का, तपासणी होईपर्यंत प्यायला हे पाणी घेऊ नका.”

“म्हशी पित्यात.”

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. बेन्झीननं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, हे म्हशी पाजणाऱ्या बाईला उभ्या उभ्या कसं सांगणार? जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. पेट्रोलमध्ये बेन्झीन एक टक्का धरलं आणि ते सगळं विरघळलं, तर एक लिटर पेट्रोल आठ-नऊ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेवर नेऊन ठेवतं. अमेरिकेनं १९८४ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला, तेव्हापासून तिथे पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या. त्यांच्याकडे टाक्या जास्त गळतात असं नाही, ते मोजतात.

आक्कांच्या पाण्याचा आकडा मर्यादेच्या बराच वर आला. पण रिपोर्ट ज्यानं पैसे भरले त्याचा, म्हणजे जागेच्या नव्या मालकाचा. पाणी त्यांच्या विहिरीतलं, तर निदान तेवढा आकडा त्यांचा, यावरून मी साहेबांशी दोन दिवस वाद घातला. शेवटी एक पान मिळालं, सही-शिक्क्याचं.

नळजोडणीच्या अर्जाला ते पान जोडून आक्कांचा मुलगा ग्रामपंचायतीत गेला. परवा त्याचा फोन आला. “ताई, ते म्हणत्यात, पंप कुठाय ते दाखव.” जागेवर आता मंगल कार्यालयाचं पार्किंग आहे, पेव्हर ब्लॉक बसवून झालेत.